उपासनेतला बाख, मैफलीतला बाख

(गणेशपुरी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आजचा विषय ऐकून काहींना प्रश्न पडला असेल की गणेशपुरीत बसून जर्मनीतल्या चर्चसंगीताची चर्चा कशासाठी? तेव्हा सुरुवात इथून हाकेच्या अंतरावरूनच करतो. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. त्या मोहिमेचा नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचे देऊळ बांधले गेले, असे परंपरा सांगते. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी काढून आणल्या आणि देवळांना अर्पण केल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली आणि वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरची घंटा त्यांपैकीच. वसई पडण्याच्या दोनच महिने आधी, १७ मार्च १७३९ रोजी, लाइपझिग शहरात नगरपालिकेचा कारकून योहान सेबास्टियन बाखच्या घरी निरोप घेऊन गेला होता. येत्या उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) जे 'पॅशन', म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे संगीतातले आख्यान, व्हायचे आहे, ते रीतसर परवानगी मिळेपर्यंत करायचे नाही, असा तो निरोप. बाखने उत्तर दिले की हे नेहमीच होत आले आहे, मला त्यातून काही मिळत नाही, उलट ओझेच आहे.

या उत्तराकडे जरा थांबून पाहू. ज्याचे पॅशन आज जगभरच्या सभागृहांत महिनोन्‌महिने आधी तिकिटे काढून ऐकले जाते, तो रचनाकार त्याच कामाला ओझे म्हणतो, कारण त्याच्या दृष्टीने ते नोकरीतले एक काम होते. वर्षातला एक वार, एक वेळ, एक चर्च आणि तिथे जमणारी मंडळी यांच्यासाठी ते केलेले असे. तिथून उचलून मैफलीत नेल्यावर या संगीताचे काय झाले आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, हे मला आज मांडायचे आहे.

गणेशपुरीच्या श्रोत्यांना यातली निम्मी गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. इथे पहाटे काकड आरती होते. ती ऐकायला कोणी 'श्रोता' म्हणून येत नाही. आरतीत टाळ्या वाजतात त्या ठेका धरायला; गाणाऱ्याला दाद द्यायला नव्हे. काकड आरती संध्याकाळी कोणी म्हणत नाही. वेळ ठरलेली, क्रम ठरलेला आणि चाल सगळ्यांना पाठ. या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या की लाइपझिगचे चर्च परके वाटत नाही.

मार्टिन लूथरने सोळाव्या शतकात जी सुधारणा केली, तिचा एक मोठा भाग संगीताचा होता. तोवर उपासनेतले गाणे प्रामुख्याने पाद्री आणि गायकवृंद यांचे, आणि तेही लॅटिनमध्ये. लूथरने लोकांच्या जर्मन भाषेत गीते रचली. १५२४ मध्ये अशा गीतांचे पहिले छोटे संग्रह छापून निघाले आणि १५२६ मध्ये त्याने जर्मन भाषेतल्या उपासनेचा क्रमच सिद्ध केला. या गीतांना कोराल म्हणतात. सोप्या चालीचे, कडव्याकडव्याने जाणारे, सगळ्या मंडळीने एका सुरात म्हणायचे गीत. आईच्या मांडीवर, शाळेत, घरच्या प्रार्थनेत, अंत्ययात्रेत तेच. दोनशे वर्षे अशी गेल्यावर बाखच्या काळातल्या साध्या कारागिराच्याही कानात शेकडो चाली पक्क्या बसलेल्या होत्या.

या पक्क्या कानावरच बाखचे सारे चर्चसंगीत उभे आहे. १७२३ ते १७५० अशी सत्तावीस वर्षे तो लाइपझिगच्या थॉमसशाळेचा कँटर, म्हणजे संगीतप्रमुख होता. रविवारची मुख्य उपासना सकाळी सातला सुरू होई आणि तीन-चार तास चाले. ऑर्गन, प्रार्थनागीते, बायबलमधल्या पत्रातला उतारा, मंडळीचे कोराल, मग त्या रविवारसाठी नेमलेला शुभवर्तमानातला उतारा, आणि त्याला लागून कँटाटा. कँटाटा म्हणजे गायक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची अनेक भागांची रचना, साधारण वीस-पंचवीस मिनिटांची. त्यानंतर विश्वासांगीकाराचे गीत आणि मग तासाभराचा उपदेश. कँटाटा दोन भागांचा असेल तर दुसरा भाग उपदेशानंतर किंवा प्रभुभोजनाच्या वेळी.

आपल्याकडचा कीर्तनाचा श्रोता हा क्रम पाहून लगेच ओळखेल की हे निरूपण आहे. कीर्तनकार एक अभंग घेतो, त्याचा एकेक चरण सोडवतो, मध्ये दृष्टांत आणतो, टाळकरी ध्रुपद उचलतात. बाखच्या कँटाटातही तेच होते. त्या दिवसाच्या उताऱ्यातला प्रश्न कोरस मांडतो, पठणवजा गायनातून तो उलगडतो, एकट्या गायकाच्या आरियामध्ये तो एका माणसाच्या मनाचा होतो, आणि शेवटी सगळ्यांना पाठ असलेल्या कोरालच्या एका कडव्यावर सारे येऊन मिळते. मॅथ्यूच्या शुभवर्तमानावरच्या बाखच्या पॅशनचे दोन भाग आहेत, कारण मध्ये उपदेश असे. पूर्वरंग आणि उत्तररंग म्हणा. शब्दांची छापील पुस्तिका लोक आधी विकत घेत. शेवटच्या कोरालमध्ये मंडळी स्वतः गात होती असे मानण्याला आधार कमी आहे. पण ती चाल त्यांची होती. चालीखालचे सूर बाखने एखाद्या शब्दावर अनपेक्षित वळवले की तो धक्का त्यांना लगेच कळे. ज्याला मूळ चाल ठाऊक नाही, त्याला हा धक्का बसतच नाही; त्याला नुसते सुंदर सूर ऐकू येतात.

मंडळी आणि वादक यांचे हे नाते नेहमी गोड होते असे नाही. तरुण बाख आर्नस्टाट गावी ऑर्गनवादक होता. १७०६ च्या फेब्रुवारीत तिथल्या चर्चच्या अधिकाऱ्यांनी त्याला बोलावून फैलावर घेतले. तक्रार अशी की कोराल वाजवताना हा इतके विचित्र सूर आणि वळणे मिसळतो की मंडळीला गाणेच धरता येत नाही. आज आपण या अधिकाऱ्यांना हसतो. पण भजनात पेटीवाल्याने मध्येच भलत्या हरकती घेऊन टाळकऱ्यांची लय मोडली, तर आपणही त्याला थांबवू. उपासनेत वादकाचे कौशल्य मंडळीच्या गळ्याला बांधलेले असते, आणि हे बंधन प्रतिभेला काचतेही.

त्यात साधनांची टंचाई. १७३० च्या ऑगस्टमध्ये बाखने नगरपालिकेला एक निवेदन दिले. चर्चसंगीत नीट व्हायचे तर काय लागते याचा तो हिशेब आहे. प्रत्येक आवाजाला किमान तीन गायक, म्हणजे बारा. वादक अठरा ते वीस. हाताशी होती ती वसतिगृहातली चौपन्न मुले, आणि त्यांतून शहरातली चार चर्च भागवायची. बाखने सरळ यादीच केली : सतरा कामाची, वीस अजून तयार न झालेली, सतरा निरुपयोगी. स्त्रियांना चर्चच्या गायनवृंदात जागा नव्हती, त्यामुळे वरचे सूर कोवळ्या मुलांनीच गायचे. ऑर्गन वाद्यवृंदापेक्षा एक सूर चढ्या पट्टीत होता, म्हणून ऑर्गनवादकाची प्रत तेवढी उतरवून वेगळी लिहायची. नकला करायला घरचे लोक आणि शिष्य. ज्या रचनांना आज आपण परिपूर्ण म्हणतो, त्या अशा ओढाताणीत रविवारमागून रविवार उभ्या राहिल्या. सुमारे दोनशे चर्च-कँटाटा आज उरले आहेत, कितीतरी गेले.

एक गैरसमज इथेच दूर करतो. आधी भक्ती होती, मग मैफल आली आणि सगळे बिघडले, असा हिशेब काही लोक मांडतात. तो खरा नाही. ल्यूबेक शहरात डीट्रिश बुक्स्टेहूड नावाचा थोर ऑर्गनवादक होता. तो नाताळच्या आधीच्या काही रविवारी, दुपारची उपासना संपल्यावर, चर्चमध्येच 'संध्यासंगीत' करी. खर्च शहरातले व्यापारी देत. म्हणजे जागा चर्चची, विषय धार्मिक, पण उपासनेच्या क्रमाबाहेरची ती मैफलच. ती ऐकायला १७०५ मध्ये वीस वर्षांचा बाख आर्नस्टाटहून जवळजवळ चारशे किलोमीटर गेला, बहुतेक पायीच. रजा ठरावीक दिवसांची होती. तो कितीतरी उशिरा परतला. १७०६ च्या झाडाझडतीत याचाही जाब त्याला विचारला गेला. बाखच्या उपासनासंगीताला मैफलीनेही खतपाणी घातले आहे, हे विसरून चालणार नाही.

चर्चमधून मैफलीत असे मोठे स्थलांतर झाले ते ११ मार्च १८२९ रोजी. बाखला जाऊन अठ्ठ्याहत्तर वर्षे झाली होती. त्याचे पॅशन चर्चमध्ये कोणी करत नव्हते. वीस वर्षांच्या फेलिक्स मेंडेल्सोनने बर्लिनच्या गायनसंस्थेच्या सभागृहात मॅथ्यूचे पॅशन सादर केले. गायक दीडशेहून अधिक, त्यांत स्त्रिया. अनेक आरिया गाळलेल्या. जुनी वाद्ये मिळत नव्हती तिथे नवी. मध्ये उपदेश नाही. तिकिटे हातोहात संपली. दहा दिवसांनी, बाखच्या जन्मदिनी, प्रयोग पुन्हा करावा लागला. तिथून बाखचे चर्चसंगीत जगाचे झाले.

या घटनेचा हिशेब प्रामाणिकपणे करायला हवा. मैफल नसती तर हे संगीत कपाटातल्या कागदांत राहिले असते. ज्या मंडळीसाठी ते लिहिले होते, तिनेच ते टाकून दिले होते. कारण उपासनेला दर पिढीत नवे, आपल्या काळाचे संगीत लागते आणि जुने बाजूला पडते. मैफलीने ते परत आणले, अभ्यासले, छापले. गेल्या पन्नास-साठ वर्षांत तर मैफलीच्या कलाकारांनीच जुन्या वाद्यांचा, जुन्या पट्टीचा शोध घेतला. आजच्या रूढ पट्टीपेक्षा अर्धा सूर खाली वाद्ये लावून हे संगीत वाजू लागले. १९८१ साली जोशुआ रिफकिन यांनी तर प्रत्येक आवाजाला एकच गायक असा बाख मांडला आणि त्यावर अजून वाद चालू आहेत. निकोलाउस हार्नोनकोर्ट आणि गुस्ताव लेओनहार्ट यांनी कँटाटांचे समग्र ध्वनिमुद्रण केले. ख्रिस्ती लोक अगदी थोडे असलेल्या जपानमध्ये मासाआकी सुझुकी यांनी बाख कॉलेजियम जपान या वृंदाकडून १९९५ ते २०१३ या काळात सारे चर्च-कँटाटा ध्वनिमुद्रित केले. रचना जपण्याच्या बाबतीत मैफलीचे ऋण असे मोठे आहे.

पण मैफलीला एक गोष्ट साधत नाही. ती कान घडवू शकत नाही. श्रोत्याने कान घरून घेऊन यावा अशी तिची अपेक्षा असते. लाइपझिगमधल्या विणकराचा कान उपासनेने घडवलेला होता, लहानपणापासून, फुकट आणि नकळत. मैफलीतला श्रोता कोराल ऐकतो आणि त्याला वाटते की आरियांच्या मध्ये एक सोपी, छोटी विश्रांती आली. खरे तर तिथे रचनाकार थेट मंडळीशी बोलत असतो. माझे आजचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर, मैफल रचना जपते आणि उपासना कान घडवते. एकीचे काम दुसरीकडून करून घेता येत नाही.

आता याचा मराठी दाखला. तो सापडतो तंजावरला. हाले या जर्मन शहरातून लूथरपंथी मिशनरी अठराव्या शतकाच्या आरंभापासून तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला येत होते; पहिला बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग १७०६ मध्ये आला. हाले म्हणजे संगीतकार हँडेलचे जन्मगाव. तिथेच बाखचा थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान १७४६ पासून ऑर्गनवादक होता आणि त्याच सुमारास ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ नावाचा तरुण तिथे शिकत होता. श्वार्ट्झ १७५० च्या जुलैमध्ये हिंदुस्थानात उतरला. त्याच महिन्यात लाइपझिगला बाख वारला. पुढे हा श्वार्ट्झ तंजावरच्या मराठा दरबारचा विश्वासू झाला. तुळजाराजांनी दत्तक घेतलेल्या सरफोजींचे पालनपोषण आणि शिक्षण त्याने पाहिले. १७९८ च्या फेब्रुवारीत तो वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. सरफोजींनी धर्म बदलला नाही. बृहदीश्वराच्या देवळात भोसले कुळाचा इतिहास त्यांनी १८०३ मध्ये मराठीत कोरवून घेतला. आणि गुरूच्या स्मरणार्थ जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसवले. मृत्युशय्येवरच्या श्वार्ट्झचा हात हातात घेतलेले राजे त्यात दिसतात. त्यांच्या दरबारी पाश्चात्त्य वाद्ये आणि वादक होते. मराठी कीर्तनपरंपराही त्याच गावात रुजली. आपली साकी, दिंडी, ओवी आणि अभंग पुढे तमिळ हरिकथेत गेले ते याच वाटेने.

एवढे सगळे जुळून आले असताना जर्मनीहून काय आले? कँटाटा आला नाही, कोराल आले. कारण उघड आहे. कँटाटाला नगरपालिका लागते, शाळा लागते, पगारी वादक लागतात. कोरालला फक्त आठवण लागते. योहान फिलिप फाब्रिसिउस याने तीनशेहून अधिक जर्मन गीते तमिळमध्ये, मूळ चालींवर बसतील अशी आणली. आणि त्याच मंडळीत श्वार्ट्झचाच शिष्य वेदनायकम शास्त्री (१७७४–१८६४) कर्नाटक रागांत ख्रिस्ती कीर्तने रचून गात होता. पुढच्या पिढीच्या मिशनऱ्यांशी त्याचे खटके उडाले, १८२९ मध्ये त्याला कामावरून काढले, आणि आश्रय दिला तो मराठा राजाने. तमिळ लूथरपंथी चर्चमध्ये आजही जर्मन चालींची ज्ञानगीते आणि रागदारीतली कीर्तने हे दोन्ही प्रवाह आहेत. लूथरचा मूळ विचार या दोघांपैकी कोणी जास्त पाळला असे विचाराल, तर माझे उत्तर वेदनायकम शास्त्री असे आहे. लोकांच्या भाषेत आणि लोकांच्या चालीत गावे, हेच तर लूथरने केले होते.

महाराष्ट्रात लूथरपंथी मंडळ्या नगण्य. पण परक्या चालीत गावे की आपल्या, हाच प्रश्न अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनपुढेही आला. तिथे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, भजने, पदे लिहिली. 'उपासना संगीत' या मराठी गीतसंग्रहात त्यांची कितीतरी गीते आहेत, आणि त्याच संग्रहात पाश्चात्त्य चालींवरची गीतेही आहेत. खेड्यातली मराठी मंडळी टाळ, तबला, पेटीवर गाते. बाखच्या एकाही रचनेचा सूर तिथे नसेल, पण बाखच्या मंडळीचा गुण तिथे आहे : चाल प्रत्येकाची असते.

गोव्याचे उदाहरण कॅथलिक परंपरेचे आहे, पण मुद्दा तोच. पॅरिशच्या शाळांत मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई, ते चर्चच्या सेवेसाठी. उपवासकाळात तिथे अजूनही लॅटिन मोतेत, म्हणजे अनेक आवाजांची धार्मिक गीते, गायली जातात. त्या शाळांतून निघालेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद चालवले. अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसूझा ही त्यांतली दोन नावे. उपासनेने कान घडवला की त्याचा लाभ उपासनेबाहेरही असा दूरवर पोचतो.

मुंबईत मैफलीची बाजूही भक्कम आहे. व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६ मध्ये स्थापन केलेल्या गायनवृंदाने, आणि त्यांच्यानंतर कुमी वाडिया यांनी, समूहगायनाचा एक दर्जा शहराला दिला. अशा वृंदांत गाणारे सगळेच ख्रिस्ती नसतात. पारशी, हिंदू, मुसलमानही गातात. श्रद्धा नसताना हे गाता येते का, असा प्रश्न यावर विचारला जातो. गाता येते. पंडित भीमसेन जोशींची संतवाणी ऐकायला आलेले सगळेच माळकरी नव्हते. पण त्यांना अभंग ठाऊक होते. घरच्या आजीने, आळंदी-पंढरीच्या वाटेने, रेडिओवरच्या पहाटेने त्यांचे कान आधीच तयार केले होते. म्हणून पंडितजींनी एका चरणावर केलेला विस्तार त्यांना कळला. चक्री भजन आणि हरिपाठ बंद पडले, तर दोन पिढ्यांनी संतवाणीचा श्रोताही बाखच्या आजच्या श्रोत्यासारखा होईल. त्याला सुंदर सूर ऐकू येतील, पण आपल्याशी कोण बोलते आहे हे कळणार नाही.

मग हे संगीत सादर करणाऱ्यांनी करायचे काय? उपाय आहेत आणि काही ठिकाणी ते चालू आहेत. लाइपझिगच्या थॉमस चर्चमध्ये दर शुक्रवारी आणि शनिवारी बालगायकवृंद प्रार्थनेच्या चौकटीत गातो आणि शनिवारी बहुधा कँटाटा असतो. न्यूयॉर्कच्या होली ट्रिनिटी लूथरन चर्चमध्ये १९६८ पासून 'बाख सांध्यप्रार्थना' होतात. तिथे कँटाटा त्या दिवसाच्या वाचनांच्या आणि उपदेशाच्या सोबतीने येतो. मैफलीतही थोडे बदल पुरतात. कार्यक्रमाआधी दहा मिनिटे श्रोत्यांना त्यातले कोराल शिकवावे आणि त्यांच्याकडून गाऊन घ्यावे. शब्दांची पुस्तिका श्रोत्यांच्या भाषेत हातात द्यावी. पॅशनच्या दोन भागांमध्ये चहापानाऐवजी पंधरा मिनिटांचे निरूपण ठेवावे. टाळ्या अगदी शेवटी. आणि उपासनेत हे संगीत आणणाऱ्यांनी उलट बाजूची शिस्त घ्यावी : तालीम पुरेशी करावी. भाव आहे म्हणून बेसूर चालेल, ही सबब बाखनेही कधी दिली नाही. १७३० चे त्याचे निवेदन त्याच सबबीविरुद्ध आहे.

महाराष्ट्रात बाखचा एखादा कँटाटा करायचा कोणी ठरवलाच, तर माझी सूचना अशी आहे. तो एखाद्या कीर्तनकाराला सोबत घेऊन करा. त्या दिवसाचा उतारा त्याने मराठीत उलगडावा, कोराल मराठी शब्दांत श्रोत्यांकडून म्हणवून घ्यावे आणि मग गायकवृंदाने मूळ जर्मनमध्ये गावे. निरूपण मधे आले म्हणून संगीताची गोडी कमी होते, असे मराठी माणसाला तरी कोणी सांगू नये. ते ऐकण्याची सवय आपल्याला कित्येक शतकांची आहे. लाइपझिगच्या मंडळीला होती तशीच.